गोळ्या चालू आहेत आणि पार्टी ठरलीये, तर काय करायचं

नाशकात राहून वाईनला नाही म्हणणं अवघडच आहे, गंगापूर धरणाकडे वायनरीत कोणी ना कोणी नेतंच आणि वर म्हणतं अरे द्राक्षाचाच तर रस, एका ग्लासने काय होतंय. माझ्या मावसभावाला क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट आणि झोपेसाठी देतात ती गोळी, चालू होती, त्याने ठरवलं की आज प्यायचीये तर आज गोळी नको घ्यायला. बरेच जण हेच करतात आणि चूक नेमकी इथेच होते, म्हणून लिहितेय.

गोळी एक दिवस चुकवली म्हणून ती अंगातून जात नाही. क्लोनाझेपाम निम्मी उतरायलाच साधारण 30 ते 40 तास लागतात, म्हणजे कालची गोळी आजच्या पेगसोबत आत असतेच, आणि दोन्ही मेंदूला मंद करतात त्यामुळे झोपेत श्वासच कमी पडू शकतो. डिप्रेशनची गोळी चुकवली तर गरगरणं, चिडचिड वेगळी. लिथियम, म्हणजे मूडच्या टोकाच्या चढउतारांवरची गोळी, असेल तर अजून जपा, दारूने लघवी जास्त होते, पाणी कमी पडतं आणि रक्तात लिथियम वाढतं, मग उलट्या, हात थरथरणं, तोल जाणं सुरू होतं आणि घरचे समजतात चढलीये.

एक गोष्ट कळकळीने सांगते, दारू सोडवायची डायसल्फिराम गुपचूप भाजीत वरणात घालू नका प्लीज!! त्यावर माणूस प्यायला तर छाती धडधडते, बीपी पडतं, जीवावर बेततं, आणि शेवटच्या गोळीनंतर 14 दिवसांपर्यंत हे होऊ शकतं.

तर करायचं काय, पुढच्या वेळी डॉक्टरकडे सगळ्या स्ट्रिप्स घेऊन जा आणि किती पिता ते खरं सांगा, क्वार्टर असेल तर क्वार्टरच सांगा, लाजू नका. डॉक्टर चालेल म्हणेपर्यंत लिंबू सोडा घ्या, मित्रांना गोळ्या चालूयेत एवढं सांगितलं तरी पुरतं. पण रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट आहे, रात्रीही लागतो.

आणि कोणी गोळ्या घेऊन प्यायलाय आणि हलवूनही उठत नाहीये, श्वास हळू चाललाय, तर झोपू दे उतरेल असं म्हणत बसू नका. कुशीवर वळवा, लिंबूपाणी कॉफी काही पाजू नका, 108 लावा आणि गोळ्यांची पाकिटं ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या हातात द्या.