मुले अमेरिकेत, आई-वडील नागपुरात : बक्षीस, वारसा आणि अमेरिकेचे बदललेले करनियम

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेच्या केंद्रीय इस्टेट टॅक्स (मृत्यूनंतर मागे राहिलेल्या संपत्तीवरील कर) आणि गिफ्ट टॅक्स (हयातीत दिलेल्या भेटींवरील कर) यांतील आजीवन सूट दरडोई दीड कोटी डॉलर झाली आहे. २०२५ साली ती १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर होती आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे २०२५ संपताच जवळजवळ निम्म्यावर येणार होती. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने ती घसरण टाळली, सूट वाढवली आणि पुढील वर्षांत ती महागाईनुसार वाढत जाईल अशी तरतूद केली. धरमपेठेत किंवा मनीषनगरात राहणाऱ्या आणि मुले न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये असलेल्या आई-वडिलांना हे वाचून हायसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही सूट अमेरिकेच्या नागरिकांसाठी आणि तेथे कायमचे वास्तव्य करणाऱ्यांसाठी आहे. नागपुरात राहणाऱ्या भारतीय नागरिकाच्या नावावर अमेरिकेतील मालमत्ता असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर मिळणारी सूट फक्त ६० हजार डॉलरची आहे, आणि नव्या कायद्याने तिला हातही लावलेला नाही. म्हणून कोणताही आकडा आपल्याला लागू धरण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचा करदृष्ट्या दर्जा ठरवणे हे पहिले काम आहे.

प्रत्येकाचा दर्जा कसा ठरवावा

एका कागदावर आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई अशी नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा व्हिसा आणि गेल्या तीन वर्षांत अमेरिकेत काढलेले दिवस मांडावेत. येथे एक भेद नीट लक्षात ठेवावा लागतो, कारण बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो : प्राप्तिकरासाठी दिवस मोजले जातात, तर इस्टेट आणि गिफ्ट टॅक्ससाठी माणसाचे कायमचे घर कोठे आहे आणि परत जाण्याचा इरादा आहे की नाही हे पाहिले जाते. त्यामुळे एकच व्यक्ती एका करासाठी रहिवासी आणि दुसऱ्यासाठी अनिवासी ठरू शकते.

नातवंडांसाठी दरवर्षी अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांनी दिवसांचा हिशेब स्वतः ठेवावा. चालू वर्षात किमान ३१ दिवस झालेले असतील, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाचे एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाचे एक षष्ठांश यांची बेरीज १८३ किंवा अधिक झाली, तर प्राप्तिकरासाठी ते रहिवासी ठरतात आणि नागपुरातील पेन्शन, मुदत ठेवींचे व्याज, घरभाडे हे सारे अमेरिकेच्या विवरणपत्रात येऊ शकते. सलग तीन वर्षे प्रत्येकी १२० दिवस राहिल्यास बेरीज १२०, ४० आणि २० मिळून १८० होते, म्हणजे मर्यादेच्या आत राहते. दरवर्षी १५० दिवस राहिल्यास ती २२५ होते. अशा वेळी, चालू वर्षातील दिवस १८३ पेक्षा कमी असतील, तर आपले खरे बिऱ्हाड भारतातच आहे हे फॉर्म ८८४० भरून दाखवता येते; मात्र तो मुदतीत भरावा लागतो.

ग्रीन कार्ड असलेल्या आई-वडिलांना जगभरातील उत्पन्न दाखवावेच लागते. त्यांच्यासाठी नव्या कायद्यात एक दिलासा आहे : २०२५ ते २०२८ या करवर्षांत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला ६ हजार डॉलरची जादा वजावट मिळते. एकट्याचे उत्पन्न ७५ हजार डॉलरच्या आणि जोडप्याचे दीड लाख डॉलरच्या वर गेले की ती कमी होऊ लागते.

६० हजार डॉलरची मर्यादा कोणाला लागते

ही मर्यादा केवळ श्रीमंतांची अडचण आहे असे समजू नये. मिहानमधील किंवा पुण्यातील एखाद्या अमेरिकी कंपनीत नोकरी करून मिळालेले शेअर, मोबाईलवरील अॅपमधून घेतलेले अमेरिकी कंपन्यांचे शेअर, अमेरिकेत नोंदलेले इंडेक्स फंड, मुलाबरोबर घेतलेल्या तेथील घरातील हिस्सा, हे सारे अमेरिकेतील मालमत्ता म्हणून मोजले जाते. याउलट व्यवसायाशी संबंध नसलेल्या अमेरिकी बँक ठेवी आणि अनिवासी व्यक्तीच्या आयुर्विम्याची रक्कम यांवर हा कर नाही. शेअर कोणत्या देशातील अॅपमधून घेतले याला महत्त्व नसते. कंपनी कोठे नोंदलेली आहे हे पाहिले जाते.

कराचे दर १८ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत चढतात. वडिलांच्या नावावर २ लाख डॉलरचे अमेरिकी शेअर आहेत असे समजू. इतर वजावटी बाजूला ठेवल्या, तर कोष्टकानुसार कर ५४,८०० डॉलर येतो, त्यातून १३ हजार डॉलरची ठरावीक सवलत वजा होते आणि ४१,८०० डॉलर भरावे लागतात. हा आकडा नफ्यावरचा नाही, संपूर्ण मूल्यावरचा आहे. भारताने संपदा शुल्क, म्हणजे येथला असाच मृत्यूनंतरचा कर, १९८५ साली रद्द केले आणि दोन्ही देशांमधील करार फक्त प्राप्तिकरापुरता आहे, त्यामुळे या रकमेला येथे कोणतीही वजावट मिळत नाही. मृत्यूनंतर नऊ महिन्यांच्या आत वारसांना फॉर्म ७०६-एनए भरावा लागतो, आणि आयआरएस या अमेरिकी कर खात्याचे हस्तांतरण प्रमाणपत्र हाती येईपर्यंत ब्रोकर सहसा शेअर सोडत नाही. नागपुरात घरातील कर्ता माणूस गेल्यावर वारस दाखल्यासाठी धावपळ करणाऱ्या कुटुंबाला अमेरिकेच्या या मुदतीची कल्पनाही नसते, याचे मला फार वाईट वाटते, कारण थोडी आधी आखणी केली असती तर हा बोजा बहुतेक टळला असता.

आखणीचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, अमेरिकी शेअरांचे मूल्य दरडोई ६० हजार डॉलरच्या आत ठेवावे आणि त्यापुढील परदेशी गुंतवणूक आयर्लंडसारख्या देशात नोंदलेल्या फंडांतून करावी. ते फंड अमेरिकी कंपन्यांत पैसे गुंतवत असले तरी अमेरिकेतील मालमत्ता ठरत नाहीत. दुसरा मार्ग हयातीतील बक्षिसाचा. अनिवासी परकीय नागरिकाने शेअर बक्षीस दिल्यास अमेरिकेचा गिफ्ट टॅक्स लागत नाही. तेथील घर, जमीन किंवा रोख रक्कम दिल्यास मात्र लागू शकतो. बक्षीस खरोखरचे असावे : शेअर मुलीच्या नावावर करून लाभांश आणि अधिकार स्वतःकडे ठेवले, तर मृत्यूनंतर ते पुन्हा वडिलांच्याच मालमत्तेत मोजले जाऊ शकतात.

मुले पैसे पाठवतात तेव्हा

अमेरिकेतील मुलगा एका वर्षात एका व्यक्तीला १९ हजार डॉलरपर्यंतची भेट कोणताही फॉर्म न भरता देऊ शकतो. २०२५ आणि २०२६ दोन्ही वर्षांसाठी हीच मर्यादा आहे. मुलगा आणि सून यांनी आपापल्या पैशांतून आई आणि वडील दोघांना वेगवेगळी भेट दिली, तर वर्षाला ७६ हजार डॉलर होतात. त्याहून अधिक दिल्यास फॉर्म ७०९ भरावा लागतो, पण तेथे कायमचे वास्तव्य असलेल्याला दीड कोटींची सूट संपेपर्यंत कर भरावा लागत नाही. भारतात आई-वडिलांना मुलांकडून मिळालेली भेट रक्कम कितीही असली तरी करमुक्त आहे.

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेर पाठवल्या जाणाऱ्या पैशांवर एक टक्का कर सुरू झाला आहे, परंतु तो रोख, मनीऑर्डर, कॅशियर्स चेक अशा साधनांनी पैसे दिले तरच लागतो. मुलांनी आपल्या अमेरिकी बँक खात्यातून किंवा तेथील डेबिट-क्रेडिट कार्डाने पैसे पाठवावेत.

मुलगा अमेरिकी नागरिक असेल आणि सून नागरिक नसेल, तर भेटींवर नागरिक जोडीदारांना मिळणारी अमर्याद सूट तिला मिळत नाही. २०२६ साली तिच्या नावावर करमुक्त देता येणारी रक्कम १ लाख ९४ हजार डॉलर आहे. काही राज्यांचा स्वतंत्र इस्टेट टॅक्सही असतो, आणि ओरेगॉनमध्ये तो १० लाख, तर मॅसॅच्युसेट्समध्ये २० लाख डॉलरच्या पुढे लागतो.

नागपूरची मालमत्ता मुलांकडे जाते तेव्हा

समजा प्रतापनगरातील प्लॉट विकून त्याची रक्कम मुलाला पाठवायची आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे प्रत्येक निवासी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवू शकते. भेट म्हणून पाठवलेल्या रकमेतील १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, घेते. ६० लाख पाठवले तर १० लाख रुपये वेगळे द्यावे लागतात. ही रक्कम विवरणपत्रात जमा धरली जाते, परंतु परतावा मिळेपर्यंत ती अडकून राहते, म्हणून तिची सोय आधी करावी.

मुलाला या भेटीवर अमेरिकेत कर नाही. मात्र परदेशी व्यक्तीकडून एका वर्षात १ लाख डॉलरपेक्षा अधिक भेट किंवा वारसा मिळाल्यास फॉर्म ३५२० भरावाच लागतो, आणि त्यासाठी आई व वडील यांच्याकडून आलेल्या रकमा एकत्र मोजतात. उशीर झाल्यास दरमहा ५ टक्के, कमाल २५ टक्के दंड होऊ शकतो. अशा भेटींबाबत उशिरा आलेल्या फॉर्मवर आपोआप दंड आकारणे थांबवण्याचे आयआरएसने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. आता उशिराचे कारण आधी वाचले जाते. तरीही १५ एप्रिलची, किंवा मुदतवाढ घेतली असल्यास १५ ऑक्टोबरची, तारीख पाळणेच शहाणपणाचे आहे.

घर हयातीत बक्षीसपत्राने द्यावे की मृत्युपत्राने, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात मुलांना राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, त्यावर स्थानिक अधिभार आणि नोंदणी खर्च येतो, त्यामुळे बक्षीसपत्राकडे लोकांचा ओढा असतो. मुले भारतात असतील तर ते ठीक आहे. अमेरिकेतील करदात्या मुलासाठी मात्र हिशेब उलटा होतो. बक्षीस मिळालेल्या घराची किंमत तेथील कायदा वडिलांच्या मूळ खरेदी किमतीपासून धरतो, त्यामुळे १९८० च्या दशकात काही हजारांत घेतलेले घर विकले की जवळजवळ सारी रक्कम नफा ठरते. वारशाने मिळालेल्या घराची किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते, आणि त्यानंतर झालेली वाढच अमेरिकेत करपात्र होते. भारतात दोन्ही प्रसंगी वडिलांचीच किंमत, किंवा घर २००१ पूर्वीचे असल्यास १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरून अनिवासी मुलाला १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. म्हणून सर्वसाधारणपणे नोंदणीकृत मृत्युपत्र हा मार्ग मी सुचवेन. मृत्यूनंतर लगेच मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून त्या तारखेचा अहवाल घ्यावा आणि आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसाची नोंद करावी; प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याचा असेल तर तेथेही नामांतर करून घ्यावे.

काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या बागेबाबत तर निवडीचा प्रश्नच नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत किंवा बक्षीस म्हणून घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवरील नफा भारतात करमुक्त असला तरी अमेरिकेत तशी सवलत नाही, त्यामुळे मूल्यांकनाचा अहवाल येथेही हवाच.

संयुक्त खाती आणि परत केलेले ग्रीन कार्ड

सोयीसाठी अमेरिकेतील मुलीचे नाव नागपूरच्या मुदत ठेवीत दुसरे धारक म्हणून घालण्याची पद्धत घरोघरी आहे. तिच्या नावाशी जोडलेल्या सर्व परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर तिला एफबार हे परदेशी खात्यांचे अमेरिकी विवरण भरावे लागते, मग त्यातील एकही रुपया तिचा नसला तरी. अजाणता झालेल्या चुकीचा दंड प्रत्येक खात्यामागे नव्हे, प्रत्येक विवरणामागे धरावा, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बिटनर खटल्यात दिला, हे खरे. पण एका विवरणाचा दंडही १० हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. नाव संयुक्त धारक म्हणून घालण्याऐवजी नामनिर्देशित (नॉमिनी) म्हणून घालावे. भारतीय म्युच्युअल फंड मुलीच्या नावावर मुळीच घेऊ नयेत, कारण त्यांवर अमेरिकेत अत्यंत कडक पद्धतीने कर लागतो आणि प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१ भरावा लागतो.

शेवटी, ग्रीन कार्ड सोडून कायमचे नागपूरला परतण्याच्या विचारात असलेल्यांसाठी. गेल्या १५ वर्षांपैकी ८ वर्षांत ग्रीन कार्ड असेल आणि जगभरातील निव्वळ संपत्ती २० लाख डॉलर किंवा अधिक असेल, तर जाताना विशेष कर लागू होऊ शकतो, आणि पुढे अशा व्यक्तीने अमेरिकेतील मुलांना दिलेल्या भेटीवर किंवा ठेवलेल्या वारशावर, वार्षिक सूट वगळता, ४० टक्के कर त्या मुलांना भरावा लागतो. या कराचे अंतिम नियम १ जानेवारी २०२५ पासून मिळालेल्या रकमांना लागू झाले आहेत. आठवे वर्ष कोणते हे मोजताना कार्ड ज्या वर्षी एक दिवसही हाती होते ते वर्ष पूर्ण धरतात, म्हणून कार्ड परत करण्याची तारीख ठरवण्याआधी रामदासपेठेतील घरापासून मुदत ठेवींपर्यंत साऱ्या संपत्तीची यादी घेऊन दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराकडे जावे.