लग्नाचा व्हिडिओ : लूक शेवटी, आधी रंग जुळवा

एडिटिंगला नवीन बसलेला माणूस सगळ्यात आधी नेटवरची एखादी ‘सिनेमॅटिक’ लट (LUT, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल) उतरवतो आणि सरसकट सगळ्या क्लिप्सवर चढवतो. मग हॉलमधली नवरी नारिंगी, बाहेरच्या मांडवातली हिरवट. दोष लटचा नसतो. दोन कॅमेरे, तीन प्रकारचे लाइट आणि एकमेकींशी न जुळलेल्या क्लिप्स, हे खरं दुखणं.

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एस-लॉग ३ चं (सोनी कॅमेऱ्यातलं, मुद्दाम फिकट रेकॉर्ड केलेलं) फुटेज असेल तर पहिल्या नोडवर (रंगकामाच्या टप्प्यावर) एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, दुसऱ्यावर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म, म्हणजे लॉगचे रंग नेहमीच्या स्क्रीनच्या रंगांत बदलणं. त्याचं इनपुट कॅमेऱ्यातल्या सेटिंगप्रमाणे, आउटपुट रेक ७०९ (टीव्हीच्या रंगांचं मानक), गॅमा २.४. त्वचा त्यानंतर, लूक अगदी शेवटी. एक्स्पोजर ट्रान्सफॉर्मच्या आधीच सुधारायचं. लॉगमध्ये उजेडाचे स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जवळपास सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे ऑफसेट हलवला की अख्खं चित्र एकसारखं उजळतं. तेच नंतर केलं की सावल्या धुरकट होतात.

हळदीचे शॉट्स नवख्यांना हमखास फसवतात. व्हेक्टरस्कोपवरच्या (रंग दाखवणाऱ्या आलेखावरच्या) स्किन टोन लाइनवर चेहरा आणायचा, हा नियम इथे चालत नाही. चेहरा खरोखरच पिवळा आहे. ओढून रेषेवर आणलात तर हळद मातकट दिसते आणि पांढरे कपडे निळे पडतात. व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कुर्त्यावरून किंवा डोळ्यांच्या पांढऱ्यावरून घ्या, मग ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशनमध्ये (एकेका रंगाचा गडदपणा बदलणाऱ्या टूलमध्ये) फक्त पिवळा किंचित उतरवा.

अंतरपाटावर व्हिडिओ लाइट थेट पडतो. वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) कापड वर सपाट रेघ होऊन चिकटलं असेल, तर त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिकही फिकट पडलेलं असतं. लॉगमध्ये तपशील शिल्लक असेल तर हायलाइट खाली आणून मिळतो. कॅमेऱ्यातच जळलेला कुणालाच परत आणता येत नाही. स्टेजच्या निळ्या-जांभळ्या एलईडीचंही तेच. निळा चॅनल फुटला की गालांवर डाग दिसतात. गॅमट मॅपिंग (मर्यादेबाहेरचे रंग आत आणणारं टूल) लावून पाहा, नाहीतर सॅच्युरेशन उतरवा.

हॉलच्या लाइटचे पट्टे सरकत असतील तर चूक शूटिंगची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१००. रिझॉल्व्हचा डीफ्लिकर थोडंफार सावरतो, पण तो विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे.

मंगलाष्टकांचा आवाज एकाच ठिकाणचा घ्या, शक्यतो साउंडवाल्याच्या मिक्सरचा, आणि तो सलग ठेवून वर चित्र कापा. एखादं कडवं गाळायचं असेल तर ‘सावधान’ नंतरच कापा. मिक्सरमध्ये गर्दीचा आवाज नसतो, म्हणून कॅमेऱ्याचा ट्रॅक खाली हलका सोडा. नाहीतर शेवटच्या अक्षता पडताना टाळ्या-वाजंत्री कुठून येतात तेच कळत नाही. पाहुण्यांनी पाठवलेले मोबाइल व्हिडिओ मात्र थेट टाइमलाइनवर टाकू नका. त्यांचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम्स) बदलता असतो, सुरुवातीला ओठ जुळतात आणि थोड्या वेळाने सुटतात. आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट २५ फ्रेम्सवर काढून घ्या.