विस्थापनावरचा शोधनिबंध परत का येतो? या चुका टाळा

महाराष्ट्रात विस्थापनावर काम करणाऱ्याला विषयाची टंचाई नाही. कोयना आहे, उजनी आहे, नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यातली सरदार सरोवराची बुडीत गावं आहेत. तरीही सक्तीच्या स्थलांतरावरच्या आंतरराष्ट्रीय जर्नलकडे पाठवलेला निबंध अनेकदा रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, पोचतच नाही, संपादकाकडूनच परत येतो. यालाच डेस्क रिजेक्ट म्हणतात. दोष कच्च्या इंग्रजीला दिला जातो, पण खरं कारण बहुधा दुसरंच असतं. निबंध गाइड आणि परीक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. त्यांना कोयना माहीत असते, जर्नलच्या वाचकाला नसते.

पहिली चूक पहिल्याच वाक्यात होते. धरणग्रस्तांवरच्या कितीतरी निबंधांची सुरुवात यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या जागतिक आकड्याने होते: 2024 अखेर जगात सुमारे 12.32 कोटी लोक सक्तीने विस्थापित. आकडा बरोबर आहे, जागा चुकली आहे. छळ, संघर्ष, हिंसा आणि मानवी हक्कांचं उल्लंघन यांमुळे घर सोडावं लागलेल्यांची ती मोजणी आहे. धरण, खाण किंवा महामार्गासाठी उठवलेली माणसं त्यात धरलेलीच नाहीत. या क्षेत्रातल्या संपादकाला हे पाठ असतं. त्यापेक्षा संयुक्त राष्ट्रांची 1998 ची अंतर्गत, म्हणजे देशातल्या देशात होणाऱ्या, विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वं घ्या. सहाव्या तत्त्वात मोठ्या विकास प्रकल्पांचा स्पष्ट उल्लेख आहे: सबळ आणि वरचढ लोकहित नसेल तर अशा प्रकल्पासाठी केलेलं विस्थापन मनमानी ठरतं. तुमचा निबंध निर्वासित-अभ्यासाच्या जर्नलमध्ये का यावा, याचं उत्तर इथून निघतं.

ऊसतोड कामगारांवर लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. बीडहून ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघून पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परतणाऱ्या कुटुंबाचं स्थलांतर ‘सक्तीचं’ कसं, हा प्रश्न येणारच. नुसता ‘दुष्काळ’ हे उत्तर पुरत नाही. त्याच गावात तितकाच दुष्काळ सोसून काही घरं जात नाहीत, आणि रिव्ह्यूअर नेमकं तिथेच बोट ठेवतो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), ती फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढणारी बाकी, नवरा-बायकोच्या जोडीने म्हणजे ‘कोयत्याने’ होणारा करार, हा सगळा व्यवहार मांडला तर सक्ती दिसते. तो मांडायचा नसेल तर श्रम-स्थलांतराचं जर्नल गाठा, तिथे निबंधाला जास्त न्याय मिळेल.

जर्नल निवडताना निदान मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ रेफ्यूजी लॉ’ कायद्याचं आहे, मुलाखतींवर उभा असलेला निबंध तिथे पाठवू नका. ‘जर्नल ऑफ रेफ्यूजी स्टडीज’ 1988 पासून निघतं आणि त्यात अनेक ज्ञानशाखांना जागा आहे, पण सैद्धांतिक मांडणी लागते. ‘फोर्स्ड मायग्रेशन रिव्ह्यू’ला लहान, थेट उपयोगी पडणारे आणि त्या अंकाच्या विषयात बसणारे लेख हवे असतात. दक्षिण आशियावरच्या कामासाठी कोलकात्याचं ‘रेफ्यूजी वॉच’ आणि आपलं मुंबईचं ‘ईपीडब्ल्यू’ (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) आधी पाहा, तिथे संदर्भ समजावण्यात निम्मी जागा जात नाही. एकच निबंध दोन ठिकाणी एकाच वेळी पाठवणं मात्र कुठेच चालत नाही.

आकड्यांतल्या चुका

पद्धतीच्या भागात सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पुनर्वसन कार्यालयातली यादी हीच विस्थापितांची यादी समजणं. तिथे नोंद असते ती बहुतेक करून खातेदारांची. सातबाऱ्यावर नाव नसलेला शेतमजूर, कूळ म्हणून न लागलेला कसणारा, वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या पीक घेऊनही कागदावर ‘अतिक्रमणधारक’ ठरलेला आदिवासी त्यात सापडेलच असं नाही. या यादीतून दर दहावं नाव काढून नमुना घेतला की तो दिसायला यादृच्छिक असतो, पण सर्वांत जास्त गमावलेली माणसं आधीच गळलेली असतात. उपाय आहे: यादीतला नमुना घ्या, शिवाय वसाहतीत घर-मोजणी करा, आणि दोन्हींतला फरक तक्त्यात दाखवा. अनेकदा हा फरक हाच निबंधाचा निष्कर्ष निघतो.

त्याच ओघात एकक तपासा. खातेदार, कुटुंब आणि व्यक्ती हे शब्द एकाच तक्त्यात मिसळले की पुढचं सगळं गणित कोसळतं. नर्मदेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाच्या 1979 च्या निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला आहे, सज्ञान मुलीला तशी तरतूद नाही. म्हणजे तिथलं ‘कुटुंब’ आणि जनगणनेतलं ‘कुटुंब’ एक नव्हे. हे एका ओळीत सांगितलंत तर रिव्ह्यूअरचा एक प्रश्न वाचतो.

कायद्याची सनावळीही बघा. राज्याचे पुनर्वसन कायदे 1976, 1986 आणि 1999 चे, तर केंद्राचा भूसंपादन कायदा 2013 चा, 1 जानेवारी 2014 पासून लागू. कोयनेचं पाणी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच अडलं. तेव्हा 1894 चा भूसंपादन कायदा होता, पुनर्वसनाचा राज्य कायदा नव्हता. ‘1976 च्या कायद्याची अंमलबजावणी झाली नाही’ असं कोयनेतल्या मूळ विस्थापनाबद्दल लिहिणं म्हणजे नसलेल्या कायद्याला दोष देणं.

नाव बदललं, माणूस तसाच

हा भाग जर्नलपेक्षाही मुलाखत देणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. निबंधात असं वाक्य येतं: ‘रामभाऊ (नाव बदललं आहे), वय 81, अमुक गावचे शेवटचे पोलीस पाटील, सांगतात...’ त्या गावाला शेवटचा पोलीस पाटील एकच होता. तालुक्यात कुणीही अर्ध्या मिनिटात ओळखेल, आणि त्याने सांगितलेलं जमीन वाटपातल्या दलालीबद्दल असेल तर परिणाम त्याच्या घरावर होतील. इथे ‘ऐंशीच्या घरातला, गावकामाचा अनुभव असलेला पुरुष’ एवढं पुरे. गावाचं नाव काढून तालुका ठेवा, गट क्रमांक आणि प्लॉट नंबर गाळा, फोटोतली स्थाननोंद पुसा.

नैतिक मान्यता क्षेत्रकामाच्या आधी घ्यावी लागते. मुलाखती झाल्यावर समितीकडे गेलात तर मागच्या तारखेची मान्यता सहसा मिळत नाही. संमती तोंडी असली तरी चालू शकते, सही-अंगठ्याला घाबरणाऱ्या माणसांत तीच बरी. मात्र ती कशी घेतली, कोणत्या भाषेत आणि नोंद कशी ठेवली, हे लिहा. मुलाखत भिलोरी किंवा पावरी या आदिवासी भाषांत झाली, दुभाष्याने मराठीत सांगितली आणि तुम्ही इंग्रजीत आणली, तर ही साखळीही पद्धतीच्या भागात यायला हवी.

पाठवताना

रिव्ह्यूअरला लेखकाचं नाव कळू नये म्हणून पहिलं पान काढलं जातं आणि बाकी सगळं तसंच राहतं: फाइलच्या गुणधर्मांत नाव, कॉमेंटमध्ये गाइडचं नाव, ऋणनिर्देशात विभागप्रमुख, आणि ‘माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे’. वर्डमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवून ओळख पुसा. स्वतःच्या लेखाचा उल्लेख परक्याच्या लेखासारखा करा. नैतिक समितीचं नाव वेगळ्या शीर्षकपानावर जाऊ द्या.

पीएच.डी.तून निबंध काढणाऱ्यांना आणखी एक गोष्ट नडते. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर असतो, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सापडतो आणि टक्केवारी फुगते. हा निबंध अमुक प्रबंधाच्या अमुक प्रकरणावर आधारित आहे, हे कव्हर लेटरमध्ये आधीच कळवा आणि मजकूर नव्याने लिहा, कापून चिकटवू नका.

पैशाचंही बघा. यूजीसीची मान्य जर्नलची ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे नावाजलेल्या जर्नलच्या नकली वेबसाइट ओळखायचं काम आता पूर्णपणे तुमच्यावर आहे. ‘आठ दिवसांत स्वीकृती’ आणि यूपीआयवर फी दिसली की बाजूला व्हा. दोन्ही पर्याय देणाऱ्या हायब्रिड जर्नलमध्ये खुल्या प्रवेशाचा (लेख सर्वांना फुकट वाचता येण्याचा) पर्याय निवडला तर लेखकाला मोठी फी लागते, सदस्यत्वाच्या मार्गाने, म्हणजे वर्गणी भरणाऱ्यांनाच लेख वाचता येतो तेव्हा, सहसा लागत नाही. हा प्रश्न बहुधा स्वीकृतीनंतर परवान्याच्या पानावर येतो, तिथे घाईत टिचकी मारू नका.

‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा असं उत्तर, आलं तर हातपाय गाळू नका, तो नकार नव्हे. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, त्याखाली काय बदललं आणि कोणत्या पानावर, ते लिहा. नुसतं ‘सूचनेप्रमाणे दुरुस्ती केली’ हे उत्तर चालत नाही. दोन रिव्ह्यूअर परस्परविरोधी बोलत असतील तर दोघांना खूश करत बसू नका, कुणाचं का मानलं ते संपादकाला सांगा. आणि एखादी मागणी मुलाखत देणाऱ्याची ओळख उघड करणारी असेल, तर कारण देऊन ती नाकारा.