जुनी मोटार घेताना सर्व्हिसची बिले तारखेनुसार लावा
जुनी मोटार घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या तोंडी हमीवर न विसंबता प्रत्येक सर्व्हिसचे बिल व जॉब कार्ड (गॅरेजने केलेल्या कामाची नोंद) मागावे आणि त्यांवरील तारीख व किलोमीटर एका कागदावर क्रमाने उतरवावेत. 2021 मध्ये 48,000 आणि 2023 मध्ये 39,000 असा उलटा प्रवास दिसला, तर मीटर मागे फिरवल्याची शंका घ्यावी. मीटर बदलल्याचे कारण कोणी सांगितलेच, तर त्याचेही बिल पाहावे. बिलांवरील चॅसी क्रमांक (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवावा. टायरवरील चार अंकही बोलके असतात: 2319 म्हणजे टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जेमतेम 20,000 किलोमीटर धावल्याचे सांगितलेल्या गाडीला चारही टायर नवे कशामुळे, हे अवश्य विचारावे. गाडी नावावर झाल्यावर हाच कागद पुढे चालू ठेवावा.