नवा बॉल घ्यायचा का आधी हात बसवायचा? बोलिंगवाल्यांसाठी थोडं रोखठोक

हे क्रिकेटच्या बोलिंगबद्दल नाहीये हे आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी मधेच बुमरा आणेल. हे दहा पिनांचं बोलिंग, आपल्याकडे मॉलमध्ये वाढदिवसाला भाड्याचे बूट घालून खेळतात ते. अमेरिकेत आल्यावर कळलं की इथे लोक हे दर आठवड्याला लीगमध्ये खेळतात, स्वतःचा बॉल, स्वतःची बॅग, आणि भांडणं पण एकदम सोसायटीच्या मीटिंगसारखी. आमच्या ऑफिसच्या टीममध्ये आम्ही तिघं मराठी आहोत आणि तिघंही पहिल्या सहा महिन्यांत एकाच चर्चेत अडकलो: बॉल खेळतो का माणूस खेळतो?

लीगमधले म्हातारे म्हणतात आजकाल बॉलच सगळं करतो, आमच्या वेळी रबराच्या बॉलने खेळून दाखवायला लागायचं. पोरं दर दोन महिन्यांनी नवा बॉल आणतात आणि दोन आठवडे त्याचं कौतुक करत बसतात. मी दोन्हीकडे उड्या मारून झाल्यात, पैसेही घालवलेत, म्हणून लिहितोय. तुम्ही नवीन असाल, अ‍ॅव्हरेज शंभर ते एकशेसाठच्या मधे असेल आणि प्रो शॉपमधल्या, म्हणजे बोलिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या, त्या चकचकीत बॉलकडे नजर जात असेल तर हे वाचा आणि मग कार्ड काढा.

आधी म्हाताऱ्यांचं खरं काय ते मान्य करू. लेन फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या पुढे पाय टाकायचा नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदीला ३९ पट्ट्या, त्यांना बोर्ड म्हणतात. पिना त्रिकोणात उभ्या, सगळ्यात पुढची एक नंबर, मग मागच्या रांगा डावीकडून उजवीकडे मोजायच्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याने बॉल एक आणि तीन नंबरच्या पिनांच्या मधे, म्हणजे पॉकेटमध्ये घालायचा. आता तुम्ही अगदी उजव्या कडेवरून सरळ रेषेत सोडलात तरी पॉकेटमध्ये शिरताना कोन जेमतेम दीड डिग्री मिळतो, आणि स्ट्राइकसाठी (पहिल्याच बॉलला दहाही पाडण्यासाठी) सगळ्यात चांगला कोन सहा डिग्रीच्या आसपासचा मानतात. म्हणजे बॉल वळलाच पाहिजे. बघा, चांगल्या स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चारच पिनांना लागतो, १, ३, ५ आणि ९, बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात. कोन कमी पडला की बॉल पहिल्या पिनवर आपटून बाजूला सरकतो आणि पाचपर्यंत पोचतच नाही.

आणि वळण मिळण्यात बॉलच्या वरच्या थराचा मोठा हात आहे हे नाकारून चालणार नाही. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून नावाच्या प्रोने प्लॅस्टिकचा बॉल केमिकलमध्ये भिजवून मऊ केला आणि त्या एका वर्षात सहा टायटलं मारली, त्यानंतर बॉल किती कडक असावा याचे नियमच आले. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं आणि नव्वदच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन, जे लेनवर मारलेलं ऑइल शोषतं आणि कोरड्या बोर्डवर चिकटल्यासारखं वळतं. अमेरिकेत १९६८-६९ च्या सीझनमध्ये ३०० चे परफेक्ट गेम (सगळेच स्ट्राइक) झाले ९०५, आणि १९९८-९९ मध्ये ३४,४७०, तेही लीग खेळणारे कमी होत असताना. तीस वर्षांत माणसांचे मनगट काय अडतीस पट सुधारलं नाही ना.

पण हा आकडा तोंडावर फेकणारे ऑइलबद्दल गप्प बसतात. साध्या सेंटरमध्ये लेनच्या मधे ऑइल भरपूर आणि कडेला कमी असं मारलेलं असतं, त्यामुळे बॉल जरा बाहेर गेला तर कोरड्यावर पकडून परत येतो आणि जरा आत गेला तर ऑइलवर घसरून सरळ राहतो. लेनच तुम्हाला हात धरून पॉकेटकडे नेते. लेनचा प्रश्न रिअ‍ॅक्टिव्ह बॉलच्याही आधीचा आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रात ग्लेन अ‍ॅलिसनने सलग तीन गेम ३०० मारले, एकूण ९००, आणि लेनचं ऑइल नियमात बसत नाही म्हणून ते नामंजूर झालं. पहिली मंजूर ९०० सिरीज आली थेट १९९७ मध्ये, जेरेमी सोनेनफेल्डची. तेव्हा बॉल का माणूस या भांडणात तिसरा भिडू कायम विसरला जातो.

असो. तुमच्या कामाचं बोलू, तुम्हाला बॉलची गरज आहे का हे कसं शोधायचं.

एक छोटी वही घ्या, मोबाइलमध्ये केलंत तरी चालेल, आणि तीन आठवडे प्रत्येक फ्रेमच्या (गेमच्या दहा पाळ्यांपैकी एक) पहिल्या बॉलचं लिहा: ठरवलेल्या बाणावरून गेला का (एक बोर्ड इकडे तिकडे माफ), पॉकेटमध्ये लागला का, काय उरलं, आणि उरलेलं पाडलं का. बाण म्हणजे लेनवरच्या त्या सात खुणा, साधारण १५ फुटांवर असतात. बाणाचं स्वतः लिहू नका, टीममधल्या कोणाला तरी बघायला लावा, कारण आपण स्वतःशी इतकं खोटं बोलतो की विचारू नका, मला तर प्रत्येक बॉल बाणावरूनच गेल्यासारखा वाटायचा. तीन आठवड्यांत नव्वद एक बॉलची नोंद होते, तेवढी पुरे.

आता ती वही वाचा. निम्म्याहून जास्त वेळा बाण चुकला असेल तर विषय संपला, बॉल घेऊ नका. एकाच जागेवरून सोडलेला सरळ बॉल बाणापाशी एक बोर्ड चुकला तर पिनांपाशी चार बोर्ड चुकतो, साधं त्रैराशिक आहे, आणि जास्त वळणारा बॉल ती चूक अजून फुगवतो. बाण बरोबर, पॉकेट पण बरोबर, आणि तरी पुन्हा पुन्हा पाच नंबरची पिन उभी, किंवा पाच-सात, किंवा दहा नंबर उभी आणि तिच्या शेजारची सहा नंबर गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या नालीत, मेल्यासारखी पडलेली, असं दिसत असेल तर मग खरंच तुमच्या बॉलला पिनांपाशी जोर राहत नाहीये आणि तिथे दुसरा बॉल फरक करेल. तिसरा प्रकार सगळ्यात कॉमन, बहुतेक तुम्ही यातच असाल: पहिल्या बॉलला नऊ पडतात आणि उरलेली एक सुटते.

या तिसऱ्यावर जरा थांबतो, कारण पैसे न घालवता अ‍ॅव्हरेज इथेच वाढतं. दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलला नऊ पाडले आणि एकही स्पेअर केला नाही, म्हणजे उरलेली पिन दुसऱ्या बॉलला पाडली नाही, तर स्कोअर ९०. तेच दहाही वेळा नऊ आणि मग स्पेअर केला तर १९०, एकही स्ट्राइक न मारता! म्हणजे सुटलेली एक पिन एकाची नसते, दहाची असते. तरी लोक तास तास स्ट्राइकचीच प्रॅक्टिस करतात, कारण स्पेअरला कोणी टाळ्या वाजवत नाही.

सुरुवातीला ३-६-९ पद्धत वापरा. स्ट्राइकला जिथे उभे राहता आणि जो बाण बघता तो लक्षात ठेवा. बाण तोच ठेवायचा, फक्त पाय हलवायचे. तीन नंबरची पिन उरली तर डावीकडे ३ बोर्ड सरका, सहा नंबर उरली तर ६, दहा नंबर उरली तर ९. डाव्या बाजूच्या २, ४, ७ साठी तसंच उजवीकडे. डावखुऱ्यांनी सगळं उलटं करा. हे वळणाऱ्या बॉलने नीट जमत नाही, कारण तो कडेच्या कोरड्या बोर्डवर पोचला की दहा नंबरच्या पिनपासून लांब पळतो, म्हणून प्रो लोकही कोपऱ्यातल्या पिनांसाठी बॅगेत एक साधा कडक प्लॅस्टिकचा बॉल ठेवतात. एवढं ऐकून पण कोणी पहिला बॉल प्लॅस्टिकचा घेत नाही, मी पण नाही घेतला.

माझी गंमत सांगतो. मी एकदम वरच्या रेंजचा रिअ‍ॅक्टिव्ह घेतला, दोनशे डॉलरच्या वर गेला आणि ड्रिलिंग, म्हणजे बोटांची भोकं पाडणं, वेगळं. माझं अ‍ॅव्हरेज होतं १४१, दोन महिन्यांत झालं १३३. बॉल असा वळायचा की पहिल्या पिनच्या पलीकडून आत शिरायचा, त्याला ब्रुकलिन म्हणतात, कधी कधी त्यानेही स्ट्राइक पडतो आणि आपल्याला वाटतं वा काय बॉल आहे. पण खरा घोळ वेगळाच होता. ज्या दुकानात ड्रिल केला तिथल्या माणसाने घाईत माप घेतलं होतं, अंगठ्याचं भोक घट्ट, त्यामुळे सोडताना अंगठा अडकायचा आणि मी नकळत खांदा वळवून बॉल ओढायचो. मग दुसरीकडे एका म्हाताऱ्या काकांनी वीस मिनिटं माझा हात बघितला, भोक बुजवून नव्याने पाडलं, आणि बाकी बॉल तोच, ऑइल तेच, मी पण तोच, महिन्याभरात १४८ वर गेलो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. स्वतःच्या पहिल्या बॉलने जो फरक पडतो तो त्या नव्या केमिकलचा कमी आणि तुमच्या बोटांच्या मापाच्या भोकांचा जास्त असतो. सेंटरच्या बॉलची भोकं सगळ्यांना बसावी म्हणून मोठी असतात, म्हणून आपण बॉल पडू नये म्हणून मूठ आवळतो, आणि आवळलेल्या हाताने बॉल कधीच एकसारखा सुटत नाही. मापात बसला की हात सैल राहतो, शिवाय एखादा पाउंड जास्त वजनही सहज पेलतं. म्हणून 'नवा बॉल का स्किल' असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, तुझा अंगठा मोकळा सुटतो का?

म्हणून पैसे घालवायचेच असतील तर आधी बूट घ्या. हो, बूट. भाड्याचा बूट कधी घसरतो कधी चिकटतो, आणि शेवटचं पाऊल रोज वेगळं पडलं तर कसला बाण आणि कसलं काय. मग मापाने ड्रिल केलेला प्लॅस्टिकचा बॉल, स्वस्तातला चालेल, हाच पुढे आयुष्यभर स्पेअरचा होतो. त्यावर वर्षभर खेळा, आणि वहीत बाण दहापैकी सात वेळा सापडायला लागला की मग एक मध्यम वळणारा रिअ‍ॅक्टिव्ह, सगळ्यात महागडा नको. वजन १६ पाउंडांच्या वर नियमातच नाही, आणि तिकडे जायची गरजही नाही, मी १४ चा वापरतो.

ज्यांच्याकडे रिअ‍ॅक्टिव्ह आहे आणि 'आता वळत नाही राव, नवा घ्यायला लागेल' असं वाटतंय त्यांनी जरा दम धरा. बॉल ऑइल पिऊन पिऊन मंदावतो. खेळून झाल्यावर लगेच क्लीनरने पुसायचा, आणि पन्नास-साठ गेमनंतर प्रो शॉपमध्ये ऑइल काढून घ्यायचं. वरचा थर चकचकीत झाला असेल तर पॅडने घासून खरखरीत करून घ्या, बॉलच्या वागण्यात सगळ्यात मोठा फरक या खरखरीतपणानेच पडतो आणि खर्च नव्या बॉलच्या पावपटही नाही. फक्त हे घासणं खेळायच्या आधी करायचं, लीगचा गेम सुरू झाल्यावर चालत नाही, मधे फक्त कोरड्या टॉवेलने पुसायची परवानगी आहे. आणि खेळताना बॉल लवकर वळायला लागला तर याचा अर्थ लेनवरचं ऑइल सरकलंय, पाय डावीकडे दोन बोर्ड आणि नजर एक बोर्ड हलवून बघा, बॉलला शिव्या नंतर द्या.

सेकंडहँड बॉल घेत असाल तर एक बघा: बोटांची तीन भोकं सोडून चौथं भोक असेल तर १ ऑगस्ट २०२० पासून ते मान्यताप्राप्त लीगमध्ये चालत नाही, बुजवून घ्यावं लागतं. मला एकाने 'प्रो माणसाचा बॉल आहे' म्हणून असाच एक चिकटवायचा प्रयत्न केला होता.

सुट्टीत मुंबई-पुण्याला गेलात आणि चुलत भावंडं मॉलमध्ये घेऊन गेली तर तिथल्या बॉलमधूनही निवडता येतं. अंगठा पूर्ण आत घाला, तो भिंतींना हलकासा घासत गोल फिरला पाहिजे. मग बाकीची दोन बोटं वरून पसरा, दुसऱ्या पेराची घडी भोकाच्या जवळच्या कडेपाशी आली तर माप ठीक. रंग बघून उचलू नका, आणि सगळ्यात जड उचलून शायनिंग मारू नका, तिसऱ्या फ्रेमला मनगट बोलायला लागतं. तिथले बॉल बहुतेक प्लॅस्टिकचेच असतात, वळवायच्या भानगडीत न पडता सरळ टाका आणि स्पेअर करा, भावंडांपुढे तेवढं पुरतं.

आणि हो, बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. उन्हाने तापतो, मग गार होतो, आणि एक दिवस अंगठ्याच्या भोकापासून बारीक रेघ निघालेली दिसते. आमच्या टीममधल्या एकाचा असाच गेला, घेऊन चार महिने पण झाले नव्हते.