इंग्रजांनी पैसा नेला तरी कसा? पोरांना कागदावर मांडून दाखवायची पद्धत

शाळेत 'संपत्तीचे निःसारण' सगळ्यांनीच पाठ केलंय, पण पैसा नेमका गेला कसा असं कोणी विचारलं की गाडी कोहिनूरवर येऊन थांबते. भाचीला मी जसं समजावलं तसं सांगतो, एक कोरा कागद, पेन आणि एक रुपयाचं नाणं एवढंच लागतं.

आधी कोहिनूर बाजूला ठेवा. लूट झालीच, पण ती एकदा होते, आणि हे तर दरवर्षी चालू होतं, तेही रीतसर कागदपत्रं करून.

कागदावर दोन चौकोन काढा, एक लंडन, एक मुंबई. मुंबईच्या खाली खानदेशातला कापूस पिकवणारा एक शेतकरी, साल धरा १८८० च्या आसपासचं. पहिला बाण शेतकऱ्याकडून सरकारी तिजोरीकडे, हा शेतसारा, रोख रुपयात. आता इंग्लंडमधल्या व्यापाऱ्याला ह्याच शेतकऱ्याचा कापूस हवाय आणि त्यासाठी रुपये लागणार, तर तो लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याच्या, ऑफिसात पौंड भरतो आणि बदल्यात कौन्सिल बिल घेतो, म्हणजे आपली हुंडीच म्हणा ना, दाखवली की रुपये मिळतात अशी चिठ्ठी. ती हुंडी मुंबईला येते, सरकारी तिजोरीत वटते, आणि त्या रुपयांतून कापसाचे पैसे चुकते होतात.

इथे घाई करू नका, सगळी मेख इथेच आहे. भाचीला म्हटलं तुझं नाणं दे, हा सारा. मग तेच नाणं तिला देऊन तिचं खोडरबर घेतलं. जरा वेळ गप्प बसली, मग एकदम म्हणाली, "मामा, हे तर माझंच नाणं! मग रबर फुकटच गेलं की!" बस्स, हेच. कापूस तिकडे गेला आणि व्यापाऱ्याने भरलेले पौंडही तिकडेच राहिले.

मग त्या पौंडांचं काय झालं, हा पुढचा प्रश्न येणारच. लंडनच्या चौकोनाखाली 'होम चार्जेस', म्हणजे भारताच्या नावावर तिकडे होणारा खर्च, असं लिहा आणि यादी करा: निवृत्त साहेबांच्या पेन्शनी, कर्जाचं व्याज, लष्कराचा खर्च, सरकारी खरेदी. १८५७ चा उठाव मोडायचा खर्चही आपल्याच कर्जात धरला होता. आणि ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार १८३३ च्या कायद्याने बंद झाला तरी तिच्या शेअरवाल्यांना साडेदहा टक्के डिव्हिडंड १८७४ पर्यंत भारताच्या महसुलातून मिळत होता, हे वाचलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं.

"पण रेल्वे दिली ना?" हे कोणीतरी म्हणणारच, तयारी ठेवा. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ला धावली हे खरं, पण कंपन्यांना भांडवलावर साधारण पाच टक्के व्याजाची हमी होती, नफा कमी पडला की फरक भारताच्या तिजोरीतून. तोटा झाला तरी तिकडच्या शेअरवाल्याला काही फरक नाही, मग खर्च आवरेल कोण?

राजकारण कुठे आलं हे दाखवायला एकच उदाहरण पुरतं. १८९६ ला बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के जकात होती, ती इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना खटकू नये म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. आपल्याच कापडावर आपल्याच सरकारचा कर, कारण सरकार आपलं नव्हतंच! मुंबईतल्या गिरण्यांनी तो १९२५ पर्यंत भरला.

ह्याचा हिशोब दादाभाई नौरोजींनी सरकारचेच आकडे घेऊन मांडला, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारा माणूस, १८९२ ला तिकडच्या पार्लमेंटमध्ये निवडून गेला. तुम्हीही तसंच करा, आधी बाण, मग आकडा. इंग्रजांनी भारतातून एकूण किती नेलं म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा ४५ लाख कोटी डॉलरचा आकडा पोरांना लगेच देऊ नका, त्यात शेकडो वर्षांचं चक्रवाढ व्याज धरलंय, दर बदलला की आकडा बदलतो आणि समोरचा तेवढंच धरून वाद घालत बसतो. नाण्याच्या बाणावर मात्र कोणाला वाद घालता येत नाही.