जपानी शिकताय? ऑनलाइन-ऑफलाइनच्या घोळात या चुका टाळा

सोलापुरात कॉलेज सांभाळून जपानी शिकणाऱ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ, रविवारी प्रत्यक्ष वर्ग. पद्धत चांगली आहे. फिसकटतं ते या दोहोंच्या मध्ये. व्हिडिओ बघितला म्हणजे अभ्यास झाला असं वाटतं आणि रविवारी मुलं रिकाम्या डोक्याने येऊन बसतात. सर नाइलाजाने तोच धडा परत घेतात, बोलायचं राहून जातं. त्यापेक्षा व्हिडिओतली चार-पाच वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून शनिवारपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर टाका. आणि शिक्षकांनो, धडा एकदा परत घेतलात की पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कोणी उघडणार नाही, हे धरून चाला.

सगळ्यात महागात पडते ती देवनागरीतली वही. जपानीत काकू किंवा मावशीच्या वयाची बाई आणि आजी या दोन शब्दांत फरक फक्त ‘बा’च्या लांबीचा. देवनागरीत दोन्ही ‘ओबासान’च! डोळ्यांना फरक दिसला नाही की कानालाही ऐकू येत नाही. हिरागाना या जपानी लिपीची मूळ अक्षरं 46 आहेत. ती आधी बसवा, वही त्यातच लिहा, आणि हाताने लिहा. मोबाइलचा कीबोर्ड अक्षर आयतं देतो, त्यामुळे काताकाना या दुसऱ्या जपानी लिपीतले ‘शि’ आणि ‘त्सु’ कायम गोंधळात टाकतात. ‘शि’ची लांब रेघ खालून वर जाते, ‘त्सु’ची वरून खाली येते, हात फिरवल्याशिवाय हे लक्षात राहत नाही.

व्याकरणाला मात्र उगाच घाबरतात. ‘वाताशि वा गाक्को नि इकिमास’, म्हणजे मी शाळेत जातो. क्रियापद शेवटी, ‘नि’ शब्दाच्या मागे, आपल्या ‘त’सारखा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांनाही ही रचना ओळखीची. इंग्रजीतून समजावणारे व्हिडिओ बघून आधी वाक्य उलटं करायचं आणि मग सुलटं, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, जवळचं केंद्र पुणे. एन-5 या सगळ्यात सोप्या पातळीला 180 पैकी 80 गुण लागतात, पण ऐकण्याच्या भागात 60 पैकी किमान 19 वेगळे मिळवावे लागतात. सबटायटल वाचत व्हिडिओ बघणारे इथेच अडकतात. पहिल्यांदा स्क्रीन उलटी ठेवून नुसतं ऐका, काय कळलं ते लिहा, मग सबटायटल लावून ताडून बघा.